कर्ता दूरदेशींचा

एखादी कादंबरी लोकप्रिय झाली, तिच्या दोन-तीन आवृत्त्या हातोहात खपल्या, कीं लौकरच कोणीतरी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बगलेंत मारून पुढें येतो आणि म्हणतो, ‘हें पाहा मूळ!’ मराठींत हा प्रकार इतक्या वेळां घडला आहे कीं, त्याचा एक लहानसा इतिहासच व्हावा. परंतु त्या इतिहासाचा आरंभ आपण बहुधा इंग्रजी अमदानीपासून करतों, हें आम्हांस अपुरें वाटतें. वाङ्मयचौर्याची सांगोपांग मीमांसा हजार वर्षांपूर्वींच होऊन गेली आहे, आणि ती करणाऱ्या पंडिताचें नातें आम्हां वैदर्भीयांशीं जडलेलें आहे.

तो पंडित म्हणजे राजशेखर. कनोजच्या महेंद्रपाल राजाचा हा गुरु इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेला. आपला पूर्वज अकालजलद यास तो महाराष्ट्राचा चूडामणि म्हणतो. आणि त्याच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या या वधूवरांचें लग्न लागतें तें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, म्हणजे आजच्या वाशिमांत. (या वाकाटकांच्या राजधानीचा इतिहास ताम्रपटांवरून उलगडण्यांत नागपूरच्या वा. वि. मिराशी यांचा वांटा मोठा आहे.)

राजशेखरानें ‘हरण’ या विषयास एकदोन श्लोक नव्हे, अध्यायच्या अध्याय दिले आहेत. शब्दांचें हरण निराळें, अर्थाचें निराळें. अर्थहरणाच्या त्यानें चार पायऱ्या सांगितल्या. अर्थ सगळा तोच, केवळ वाक्यें फिरविलेलीं, तें ‘प्रतिबिंबकल्प’. थोड्या संस्काराने वस्तु वेगळी भासूं लागली, तर ‘आलेख्यप्रख्य’. विषय भिन्न पण साम्य दाट, तें ‘तुल्यदेहितुल्य’. आणि मूळ एक असून सारी मांडणी नवी, तें ‘परपुरप्रवेश’. यांपैकीं पहिल्या प्रकारानें कवीचें कवित्वच जातें, म्हणून तो सर्वथा टाळावा, असें त्याचें स्पष्ट मत आहे. पहिला प्रकार आणि चौथा यांमध्यें जें अंतर आहे, तें ओळखण्याचे कष्ट न घेतां आपल्याकडे दोहोंस सरसकट ‘चोरी’ म्हटलें गेलें, आणि तेथेंच पुढला घोळ झाला.

जुन्या आचार्यांचें म्हणणें राजशेखर असें देतो कीं, इतर चोऱ्या काळ लोटला म्हणजे विरून जातात, वाणीची चोरी मात्र नातवंडांच्या पिढीलाही चिकटून राहते. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिला इतका कडकपणा मान्य नाहीं. उसनें घेण्यास कारणें पुष्कळ आहेत, असें ती म्हणते. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. हें जाणणारे आतां उरले नाहींत. याचा कर्ता दूरदेशीं आहे. याचें मूळ म्लेच्छांच्या भाषेंत आहे. बाईंनीं हें गंभीरपणें म्हटलें कीं हंसत हंसत, असा प्रश्न वाचतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. एवढें खरें कीं, शेवटचीं दोन कारणें आमच्या कादंबरीकारांना जणूं आधींच लिहून ठेवलीं होतीं.

१८८५ सालीं हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ निघाली, ती रेनॉल्ड्सच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वर आधारलेली. हरिभाऊ तेव्हां एकवीस वर्षांचे होते. रेनॉल्ड्स १८७९ सालींच वारला होता, आणि तक्रार करण्याचा अधिकारही त्यास फारसा नव्हता. डिकन्सच्या मिस्टर पिकविकला न विचारतां फ्रान्सांत नेऊन त्यावर ‘पिकविक अॅब्रॉड’ लिहिणारा गृहस्थ तोच. आणि लंडनच्या रहस्यमालेची त्याची कल्पनाही पॅरिसच्या यूजीन स्यूवरून सुचलेली. चोरावर मोर म्हणतात तो हा! परंतु हरिभाऊंची परीक्षा या एका पुस्तकावरून करणें अन्यायाचें होय. पांचच वर्षांनीं त्यांनीं ‘करमणूक’ पत्र काढून त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहावयास घेतली; त्या यमूचें माहेर लंडनांत शोधण्याची छाती कोणासही झाली नाहीं.

फडक्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘काव्यमीमांसा’ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापली गेली, आणि दुसऱ्याच वर्षीं ना. सी. फडके यांची ‘अल्ला हो अकबर!’ ही पहिली कादंबरी आली. तिचा आधार मेरी कॉरेलीची ‘टेंपोरल पॉवर’ (१९०२). कॉरेलीबाई १९२४ पर्यंत हयात होत्या. म्हणजे येथें कर्ता दूरदेशीं खरा, पण जिवंत. उसनवारीचा आक्षेप पुढेंही फडक्यांच्या पाठीस लागला. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या लेखनतंत्रावरील ग्रंथासही पाश्चात्य पुस्तकांच्या ऋणावरून टीका चुकली नाहीं. टीकाकारांना जें टोंचत होतें तें केवळ ऋण नव्हतें, असा आमचा समज आहे. लोकप्रियतेचा मत्सर नीतीचें सोंवळें नेसून आला, म्हणजे त्यास कोणी अडवूं शकत नाहीं. तरीहि मूळ ग्रंथाचें नांव मुखपृष्ठावर छापावयास एका ओळीची जागा पुरते, हें टीकाकारांचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे.

बंगालींतून आलेल्या कथांविषयीं कोणी फारसा गवगवा केला नाहीं. वि. सी. गुर्जरांनीं प्रभातकुमार मुखर्जींच्या किती तरी गोष्टी मराठी वेषांत आणल्या, आणि ‘मनोरंजना’च्या वाचकांनीं त्या आवडीनें वाचल्या. १९१४ च्या कायद्यानें तर ब्रिटिश हिंदुस्थानांत प्रथम छापलेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा हक्क कर्त्यास दहाच वर्षें दिला होता. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी आणि विलायती बाटली यांना आपण एकाच मापानें मोजलें नाहीं, हें खरें.

पुढें न्यायालयांनीं यांत कांहीं रेषा आंखल्या. ‘हम हिंदुस्तानी’ नाटकाचे कर्ते आर. जी. आनंद यांनीं ‘न्यू दिल्ली’ (१९५६) या चित्रपटावर फिर्याद केली. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती अमान्य करतांना सांगितलें कीं, कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर कोणाची मालकी नसते. दोन्ही कृति पाहिल्यावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ग्रह प्रेक्षकाचा झाला पाहिजे. राजशेखराचा ‘प्रतिबिंबकल्प’ आणि ‘परपुरप्रवेश’ न्यायमूर्तींच्या समोर नव्हते. पण रेषा जवळजवळ तेथेंच पडली आहे.

अडचण एवढीच कीं, या कसोटीस दोन्ही कृति पाहिलेला मनुष्य लागतो. १८८५ सालीं पुण्यांत रेनॉल्ड्स आणि हरिभाऊ दोघेही वाचलेले लोक पदवीधरांच्या बैठकींत सांपडले असते. घरांतल्या स्त्रियांना आणि खेड्यांतल्या मास्तरांना ‘मधली स्थिति’ हीच मूळ होती. आतां ती भिंत पडली आहे. नारायण धारप यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) वरून बेतलेली आहे. नागपुरांतल्या एकाच घरांत वडिलांनीं एक वाचलेली असते आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें दुसरी, आणि प्रतिबिंब कोणतें नि परपुरप्रवेश कोणता याचा वाद जेवणाच्या पानावरच सुरू होतो.