एका ओळीचे मौन

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मौन म्हणजे संमती, असे आपण सहज म्हणून जातो. संगणकाच्या जगात याच समजुतीने वीस वर्षांहून अधिक काळ घोळ घातला. त्यात माझाही थोडा वाटा आहे.

काम करताना संगणक तात्पुरत्या नोंदी स्मृतीच्या एका भागात ठेवतो. त्याला स्टॅक म्हणतात. कारकुनाची कच्ची वहीच म्हणा ना! आकडे मांडायचे, काम झाले की खोडायचे. हुकूम यायचे ते साहेबांच्या कागदावर. पण हा भेद पूर्वी या कारकुनाला कळत नसे. बाहेरच्या कोणी वहीत चार ओळी खरडून त्याचे बोट तिथे टेकवले, की तो त्याही हुकूम म्हणून पाळी.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक हीच. ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट कोंबले. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली, असा तेव्हाचा अंदाज होता.

उपाय सोपा वाटतो: वहीतले हुकूम पाळूच नयेत. लिनक्ससाठी १९९७ मध्ये 'सोलर डिझायनर' या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने तशी दुरुस्ती केली. २००० पासून 'पॅक्स' प्रकल्पाने ती पुढे नेली. २००३ मध्ये ओपनबीएसडीने नियमच केला, की स्मृतीच्या ज्या जागी लिहिता येते तिथले हुकूम पाळायचे नाहीत. त्याच वर्षी एएमडीच्या नव्या प्रोसेसरमध्ये याची सोय आली आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती वापरली.

अडचण जुन्या प्रोग्रॅमची होती. काहींना वहीतले हुकूम खरोखरच लागत. म्हणून लिनक्सवाल्यांनी तोडगा काढला. ज्या फाइलला ही सवलत नको, तिने तसे एका ओळीत लिहून द्यावे. 'नोट डॉट जीएनयू-स्टॅक' या नावाची ती ओळ. सी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी कंपायलर ती आपोआप लिहितो. पण ओपनएसएसएलसारखी सांकेतिक लिपीची किंवा एफएफएमपेगसारखी चित्रफितींची लायब्ररी वेगासाठी काही भाग हाताने, थेट प्रोसेसरच्या बोलीत म्हणजे असेंब्लीत लिहिते. तिथे ओळ घालायची ती माणसाने. शंभर फाइलींपैकी एकीतही ती राहिली, तर लिंकर त्या मौनाला मागणी समजे आणि साऱ्या प्रोग्रॅमचे संरक्षण जाई.

दुसरी अडचण पत्त्यांची. हल्लेखोराला नेम धरता येऊ नये म्हणून प्रोग्रॅम दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी ठेवू लागले. असेंब्लीत मात्र कायमचे पत्ते कोरलेले असत. ते बदलायला चालू हुकुमांवरच खाडाखोड करावी लागे आणि कडक यंत्रणा नेमकी तीच नाकारी. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरमध्ये आठच रजिस्टर. त्यांतले एक जागेचा हिशेब ठेवायला द्यायचे, म्हणजे नव्याने मांडणी आली. हार्डन्ड जेंटूच्या स्वयंसेवकांनी असे कित्येक कोड तपासून दुरुस्त केले.

२००५ च्या सुमारास मी एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर सांभाळत असे. संरक्षण कडक केलेल्या लिनक्सवर एक प्रोग्रॅम चालेना. एक लायब्ररी स्टॅकवर हुकूम चालवण्याची परवानगी मागत होती. मी काय केले? त्या प्रोग्रॅमपुरते संरक्षण बंद केले आणि जेवायला गेलो. लोकांचे पासवर्ड त्याच यंत्रावर होते. काही महिन्यांनी लायब्ररीची नवी आवृत्ती आली. फरक पाहिला, तर असेंब्लीच्या फाइलीत शेवटी एक ओळ वाढली होती. कोणा अनोळखी माणसाने कुलूप दुरुस्त केले होते. मी मात्र दार सताड उघडे टाकून मोकळा झालो होतो.

जुनी समजूत सावकाश बदलली. २०२२ पासून बायनयुटिल्सचा लिंकर ही ओळ नसेल तर इशारा देऊ लागला. जानेवारी २०२५ च्या जीलिबसी २.४१ मध्ये नियम आणखी कडक झाला. चालू प्रोग्रॅममध्ये मागाहून शिरणाऱ्या लायब्ररीसाठी स्टॅकचे कुलूप आता काढले जात नाही. काही जुने प्रोग्रॅम त्यामुळे अडले, कुरकुरही झाली.

मला ती कुरकुर बरी वाटते. प्रोग्रॅम अडला तर निदान कोणीतरी चौकशी करतो. संरक्षण गुपचूप गेले, तर चोरी होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून जिथे कुलपाचा प्रश्न आहे, तिथे मौनाचा अर्थ 'नाही' असाच धरावा.