काचपात्र म्हणजे डोके नव्हे
केसांच्या जाहिरातींत ‘पेप्टाइड’ हा शब्द झळकतो. त्याची गोष्ट मात्र यकृतापासून सुरू होते. १९७३ साली यकृतपेशी जगवणारा घटक शोधताना पिकार्ट आणि थेलर यांना मानवी रक्तद्रवात तीनच अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड सापडले. ते तांब्याशी जोडले जाते, हे पुढे कळले. २००७ साली कोरियात, याच जातकुळीतल्या तांबे-पेप्टाइडामुळे काचपात्रातली केसांची मुळे अधिक लांबलेली दिसली.

पण काचपात्र म्हणजे डोके नव्हे! मिनॉक्सिडिलला १९८८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती औषध आणि बिनऔषधी द्रावण यांची माणसांवर तुलना केल्यानंतर. पेप्टाइडांपाशी तसा भक्कम पुरावा अजून नाही. वर्गात जाहिरातींचा विषय निघाला, तर मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवूया: हे दिसले कुठे, काचेत की डोक्यावर?