नादार
‘दिवाळखोर’ या शब्दातच आरोप आहे. लाचखोर, चुगलखोर यांच्या पंगतीतला हा ‘खोर’, म्हणजे खाणारा. ‘नादार’ मात्र फारसी ‘ना’ आणि ‘दार’ मिळून झालेला: ज्याच्यापाशी नाही, तो. 1948 पर्यंत निजामी राज्यात असलेल्या, उर्दू कचेऱ्यांच्या, मराठवाड्यातल्या देगलूरसारख्या गावाला हा शब्द परका नसावा. (गरीब विद्यार्थ्याची फीमाफीही नादारीच!) 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याची दृष्टीही अशीच, आरोप न करणारी: मालमत्ता धनकोंत वाटायची, ऋणकोला अटकेपासून संरक्षण मागता येते, पुढे न्यायालय त्याला ऋणमुक्त करू शकते. मग कुणीही कर्ज बुडवेल, हा आक्षेप टिकत नाही. लबाडीने केलेले देणे या मुक्तीतून वगळले आहे. खरी उणीव वेगळीच. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली, 35,000 रुपयांपर्यंतच्या कर्जासाठीची ‘नवी सुरुवात’ ही कर्जमुक्तीची तरतूद कागदावरच राहिली आहे.