फौज ताणली जाते तेव्हा आधी काय तुटतं? कूतचा वेढा आणि आपल्या कोकणातल्या पलटणी

"आपल्या फौजेवर फार ताण आलाय का हो?" हा प्रश्न हल्ली पेणच्या बाजारात ऐकू येतो आणि रोह्याच्या एसटी स्टँडवरही. टीव्हीवाले याचं उत्तर रणगाडे आणि विमानं मोजून देतात. मला मात्र उत्तर शोधायला एकशे दहा वर्षं मागे जावंसं वाटतं. फौज ताणणं म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या माणसांनी तेव्हा अंगावर सोसलं आहे, आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१९१४ साल. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा, राज्य इंग्रजांचं. ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटलं. हिंदुस्थानच्या फौजेत तेव्हा दीड लाखाच्या आसपास देशी शिपाई होते. ही फौज बांधलेली होती दोन कामांसाठी: वायव्य सरहद्द सांभाळायची आणि देशातली जनता दाबून ठेवायची. समुद्रापार मोठं युद्ध लढायची तिची तयारी नव्हती. तरी पहिल्या काही महिन्यांतच तिचे तुकडे कुठे कुठे गेले बघा. दोन पायदळ डिव्हिजन आणि घोडदळ फ्रान्सला. एक तुकडी पूर्व आफ्रिकेत टांगाला, तिथे सपशेल मार खाल्ला. एक इजिप्तला सुएझ कालव्यावर. पुढे गॅलिपोलीलाही माणसं गेली. आणि एक फौज निघाली इराकला, ज्याला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत.

इराकला गेलेली ही पुणे डिव्हिजन, म्हणजे सहावी डिव्हिजन. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा. देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशी या पलटणींची भरती. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला महाड, पोलादपूर, माणगाव या पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत, अशी वाडी आजही सापडते. पेण-रोह्याकडे ना रेल्वे होती ना धड रस्ता. धरमतरच्या खाडीतून बोटीने मुंबई गाठायची, ही आपल्याकडची वाट. त्याच मुंबई बंदरातून १९१४च्या ऑक्टोबरात पहिली ब्रिगेड इराकच्या वाटेला लागली. तिच्यात ११७ मराठा होती.

काम काय सांगितलं होतं? इराणच्या अबादानला तेलाचा कारखाना आणि पाइपलाइन होती. ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलावर येत होतं, म्हणून त्या तेलाची राखण करायची. बस, एवढंच. ६ नोव्हेंबरला फौज फाव बंदरात उतरली. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हातात आलं.

इथून पुढचा क्रम नीट बघा, कारण ताण कसा येतो ते इथे दिसतं. बसरा सांभाळायचं तर वरचं कुर्ना घ्यायला हवं. डिसेंबरात घेतलं. कुर्ना सुरक्षित ठेवायचं तर अमारा हवं. जून १९१५ मध्ये घेतलं. डावी बाजू उघडी राहते म्हणून नासिरिया, जुलैमध्ये. मग कूत, सप्टेंबरच्या अखेरीस. मग वाटायला लागलं की बगदाद आता हाकेच्या अंतरावर आहे. दर खेपेला पुढचा टप्पा हा मागच्या टप्प्याच्या रक्षणासाठीच होता. एकेक हुकूम सुटा वाचला तर कुठलाच वेड्यासारखा वाटत नाही. सगळे एका ओळीत लावले की लक्षात येतं, की एका कारखान्याच्या राखणदारीला आलेली फौज बगदादच्या वेशीवर जाऊन उभी राहिली होती.

बसऱ्यापासून बगदाद नदीच्या वाटेने सुमारे ८०० किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, पेणहून थेट नागपूरला जाण्यासारखं. मध्ये रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. धान्य, दारूगोळा, औषधं, जखमी, सगळं टायग्रिस नदीतल्या बोटींवर. फौज पुढे जात राहिली, तेवढ्या प्रमाणात बोटी वाढल्या नाहीत. वरचे सेनापती होते जनरल निक्सन, पुणे डिव्हिजनचे मेजर जनरल टाउनशेंड. बगदादची परवानगी देताना लंडन आणि सिमल्याने एक वचन दिलं होतं: फ्रान्समधल्या दोन हिंदी डिव्हिजन तुमच्या मदतीला पाठवतो. म्हणजे आधीच तिकडे वर्षभर झिजलेली माणसं इकडे वापरायची. नवी फौज नव्हतीच, तीच गोधडी इकडून तिकडे ओढायची होती. आणि ती माणसं पोचायच्या आत लढाई सुरूही केली.

२२ नोव्हेंबर १९१५ला बगदादच्या अलीकडे सलमान पाकला गाठ पडली. इंग्रजी पुस्तकांत या गावाचं नाव टेसिफोन. आपल्या बाजूची चार हजारांवर माणसं ठार किंवा जखमी झाली, म्हणजे लढणाऱ्यांतला साधारण तिसरा माणूस. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीकाठी आणलं, तिथून बोटींवर एकमेकांना चिकटून घातलं. बसऱ्याला पोचायला काही बोटींना तेरा-चौदा दिवस लागले. मोडलेले पाय आणि उघड्या जखमा घेऊन माणसं त्या डेकवर पडून होती.

डिव्हिजन मागे हटून कूतला आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो जवळजवळ पाच महिने चालला. आतले शिपाई उपाशी, तोंडं स्कर्व्हीने सुजलेली. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदू आणि मुसलमान शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानग्या मागवल्या, तरी अनेकांचं मन होईना. यात धर्म होताच, पण गावाची भीतीही होती. घरी परतल्यावर भावकी काय म्हणेल, हा विचार उपाशीपोटीसुद्धा सुटत नव्हता. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला, पण एवढ्या माणसांना ते कुठून पुरणार!

सोडवायला आलेली फौज म्हणजे फ्रान्सहून आणलेल्या त्याच डिव्हिजन. जशा बोटी मिळतील तशा तुकड्या आल्या, आणि पूर्ण जमायच्या आधीच चिखलात लढाईला लावल्या. आत अडकलेल्या तेरा हजारांना सोडवताना बाहेर तेवीस हजारांची हानी झाली. कूत सुटलं नाहीच. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कैदेत गेल्या. सेनापतीला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांच्या वाट्याला वाळवंटातली पायपीट आणि रास अल-ऐनसारख्या ठिकाणी रेल्वेचं काम आलं. कैदेत गेलेल्या हिंदी शिपाई आणि नोकरांपैकी सुमारे तीन हजार मेले किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही. गोऱ्या शिपायांत तर दोन तृतीयांश परत आले नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे. यात तुटलं काय? शिपायाची हिंमत तुटली नाही, बंदूकही नाही. आधी तुटल्या बोटी, मग दवाखाने, मग बदली माणसं. तेव्हाच्या पलटणीत साडेसातशेच्या आसपास शिपाई आणि जेमतेम डझनभर गोरे अधिकारी. ते पडले की शिपायांची भाषा जाणणारा दुसरा अधिकारी नाही. राखीव शिपाई साऱ्या फौजेचे मिळून पंचवीस हजारांच्या आसपास, त्यातले बरेच वयाने उतरलेले. शिवाय मराठा कंपनीत मराठाच, पंजाबी कंपनीत पंजाबीच, असा नियम. त्यामुळे इराकमध्ये माणसं मेली की भरपाई त्याच वाड्यांतून करायची. युद्धाचा नकाशा कितीही मोठा असो, बिल ठरावीक गावांच्याच नावावर फाटत होतं.

याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात दिसते. महार समाजाची फौजेतली भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली होती. त्याविरुद्ध महाडजवळच्या रावढूळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी आवाज उठवला, ते स्वतः निवृत्त फौजी. तेव्हा कोणी ऐकलं नाही. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली, आणि 'लढाऊ जात नाही' हे शास्त्र एकाएकी बाजूला पडलं. १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली, १९२१ मध्ये पलटण मोडली! १९४१ मध्ये पुन्हा युद्धाचा ताण आला तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. १९२७च्या महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर फौजेचे अनेक पेन्शनर होते, हे यासंदर्भात लक्षात ठेवण्यासारखं आहे. संकटात दार उघडायचं आणि काम झालं की लावून घ्यायचं, हा अनुभव त्यांच्या घरातला होता.

१९१८ मध्ये भरतीसाठी आणखी जोर लागला. १० जूनला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद बोलावली. लोकमान्य टिळक भरतीच्या विरोधात नव्हते, पण माणसं हवीत तर स्वराज्याचा हक्क द्या, हे त्यांचं म्हणणं. ते बोलायला लागताच गव्हर्नरने अडवलं, आणि टिळक सभेतून निघून गेले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात लाखो माणसं नेली. युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली होती.

चौकशी झाली, नाही असं नाही. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, कारभाराचे वाभाडे निघाले, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. मेलेल्या शिपायाचं काय? बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं, ज्यांची कबर वा चिता माहीत नाही अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, आणखी इतके. ही वागणूक भेदभावाची होती, हे युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं. तोवर शंभर वर्षं गेली होती.

११० मराठा पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. १० जुलै १९४४ला इटलीत याच बटालियनचा एक नाईक मशीनगनच्या मोर्चावर एकटा धावून गेला आणि धारातीर्थी पडला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, हे चांगलंच आहे. त्याच पलटणीचे कूतमधले शिपाई आपल्याला माहीत नाहीत, कारण शरणागतीला पदक नसतं.

आजची फौज आपली स्वतःची आहे, तेव्हाची साम्राज्याची होती. सरसकट तुलना मी करणार नाही. पण प्रश्न विचारायची पद्धत तिथून शिकता येते. गलवाननंतर पूर्व लडाखमध्ये बर्फात कायमची वाढलेली फौज, काश्मीरमधलं काम, नियंत्रण रेषा, हे सगळं एकाच वेळी चालू आहे. करोनाच्या दोन वर्षांत भरती थांबली. २०२३ मध्ये लष्करात लाखाहून जास्त माणसांची कमतरता असल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. जून २०२२ मध्ये अग्निपथ आली: चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी आपल्याकडची पोरं यातच आहेत.

म्हणून टीव्हीवर कोणी "आपली फौज दोन्ही आघाड्यांवर सज्ज" म्हणाला की टाळी जरूर वाजवा, पण सोबत चार साधे प्रश्न विचारा. बदली माणूस कुठून येणार? जखमीला मागे आणायची सोय किती? नवा हुकूम आला तेव्हा जुनं कुठलं काम कमी केलं? आणि चार वर्षांनी घरी येणाऱ्या पोराचं पुढे काय? हे विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. १९१५ मध्ये हे प्रश्न वेळेवर कोणी ठासून विचारले असते, तर कदाचित कोकणातल्या कित्येक घरांत माणूस परत आला असता.

शेवटी एक विनंती. पेण, रोहा, माणगाव, महाड, कुठेही तुमच्या घरी १९१४ ते १९१९च्या काळातलं पदक, पेन्शनचा कागद किंवा जुनं पत्र असेल, तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. काही गावांत त्या काळी लावलेल्या दगडी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. त्यांवरही आकडेच आहेत. त्या आकड्यांमागची नावं सांगू शकणारी म्हातारी माणसं आता थोडीच उरली आहेत. तुमच्या आजीला आजच विचारा.