गळ्यातली ग्रंथी आणि माझी एक चूक

मागच्या दिवाळीनंतर मला भर दुपारी स्वेटर लागू लागला. पेपर वाचता वाचता डुलकी लागे. शेजाऱ्याचं नावसुद्धा पटकन आठवेना. सौ. म्हणाली, "वय झालं तुमचं." डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला लावलं आणि थायरॉईड मंदावल्याचं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी. दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा माणसात आलो.

माणसात आल्यावर पहिली आठवण झाली ती १९८४ सालच्या आठवीतल्या एका मुलीची. तिच्याविषयी शेवटी सांगतो.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे गोळी गिळून गप्प बसवेना. वाचू लागलो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे एक मोठे सर्जन होते. त्या डोंगराळ भागात गलगंडाचे रोगी पुष्कळ, कारण तिथल्या माती-पाण्यात आयोडीन कमी. कोखर यांचा हात इतका सफाईदार की गलगंडाच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू पुढे त्यांच्याकडे शेकडा एकाच्याही खाली आले. काही रोग्यांची तर त्यांनी गळ्यातली ही ग्रंथी पूर्णच काढून टाकली. ती कशासाठी असते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची अशी शस्त्रक्रिया केली होती. जखम छान भरली. पण पुढे मुलगी मंद झाली, सुजली, तिची वाढ खुंटली. हे कळल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रोग्यांना तपासणीसाठी परत बोलावलं. ग्रंथी पूर्ण काढलेल्यांपैकी अठरा जण आले आणि त्यांतल्या सोळा जणांची तीच अवस्था! १८८३ साली त्यांनी हे सगळं भर परिषदेत मांडलं आणि पूर्ण ग्रंथी अशी काढणं बंद केलं. १९०९ साली त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. मला मात्र त्या बक्षिसापेक्षा रोग्यांना परत बोलावणं मोठं वाटतं.

उपाय पुढे लवकरच सापडला. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतलं थायरॉक्झिन शुद्ध रूपात वेगळं केलं. १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनवता आलं. माझी गोळी ती हीच.

'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'चालना देणे'. आपला 'संप्रेरक' शब्दही तेच सांगतो. मी मनाशी शाळेचा दाखला घेतो. मज्जातंतू म्हणजे टेलिफोन, ज्याला लावला त्यालाच ऐकू जातो. हॉर्मोन म्हणजे शिपायाने वर्गावर्गांतून फिरवलेली नोटीस. रक्तातून ती सगळीकडे जाते, पण ज्या पेशीसाठी असते तीच कामाला लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी म्हणजे मुख्याध्यापक. थायरॉक्झिन कमी पडलं की ती 'टीएसएच' नावाची नोटीस काढते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. माझ्या रिपोर्टात टीएसएच वाढलेलं होतं. म्हणजे मुख्याध्यापक ओरडून थकले होते आणि वर्ग ढिम्म!

आता ती मुलगी. श्रावणातसुद्धा स्वेटर घालून यायची. फळ्यावरचं उतरवायला तिला सगळ्यांच्या दुप्पट वेळ. माझ्या तासाला तर हमखास पेंगायची. मी तिला 'कुंभकर्णाची बहीण' म्हणायचो. वर्ग हसायचा आणि मला आपण विनोदी मास्तर आहोत असं वाटायचं.

माजी विद्यार्थ्यांकडून नंबर मिळवला. तो हातात असूनही चार दिवस फोन झाला नाही. शेवटी केला. आवाज ओळखून ती म्हणाली, "सर, तुम्ही?" मी तब्येतीचं विचारलं. "कॉलेजात असताना थायरॉईड निघाला. तेव्हापासून गोळी चालू आहे. बरी आहे मी."

मी म्हणालो, "अगं, मी तुला वर्गात एक नाव ठेवलं होतं..."

"आठवतंय, सर."

ती एवढंच म्हणाली. मी माफी मागितली. थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग तिने विचारलं, "तुम्ही गोळीनंतर लगेच चहा नाही ना घेत? अर्धा-पाऊण तास थांबायचं."

तेव्हापासून थांबतो. रोज सकाळी तो अर्धा-पाऊण तास तिची आठवण असते.