जो स्ट्रमर : पंक संगीत आणि राजकीय बांधिलकी

ब्रिटनमधील पंक संगीताचा विचार बहुधा वेशभूषा, गोंगाट आणि तरुणांचे बंड एवढ्याच अंगाने केला जातो. ‘द क्लॅश’ या वाद्यवृंदाचा गायक जो स्ट्रमर याचे चरित्र मात्र त्याच्या आर्थिक व्यवहारांच्या अंगाने पाहणे अधिक उद्बोधक ठरते. त्याची राजकीय बांधिलकी गीतांच्या शब्दांत जेवढी दिसते, तेवढीच ध्वनिमुद्रिकांच्या किमतीतही दिसते.

जॉन ग्रॅहम मेलर हे त्याचे मूळ नाव. जन्म २१ ऑगस्ट १९५२ रोजी अंकारा येथे झाला. वडील रोनाल्ड मेलर ब्रिटिश परराष्ट्र सेवेत कारकून होते. त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. वडिलांच्या बदल्यांमुळे कैरो, मेक्सिको सिटी, बॉन अशी भ्रमंती झाली व पुढे दोन्ही मुलांना इंग्लंडमधील निवासी शाळेत ठेवण्यात आले. थोरला भाऊ डेव्हिड ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाकडे ओढला गेला आणि १९७० मध्ये त्याने आत्महत्या केली. धाकटा भाऊ पुढे याच पक्षाविरुद्ध उभा राहिला. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो टाळलेलाच बरा.

१९७४ च्या सुमारास लंडनमधील ओसाड घरांत बेकायदा वस्ती करून राहणाऱ्या तरुणांमध्ये तो वावरत होता. ‘स्ट्रमर’ हे नाव त्याने स्वतःच घेतले. गिटारच्या सहाही तारा एकदम छेडणे एवढेच आपल्याला जमते, ही त्यामागची कबुली होती. १९७६ मध्ये ‘द क्लॅश’ची स्थापना झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंग हिल येथील कॅरिबियन उत्सवात कृष्णवर्णीय तरुण व पोलीस यांच्यात दंगल झाली, तेव्हा स्ट्रमर तेथे होता. त्या अनुभवातून लिहिलेल्या ‘व्हाइट रायट’ या गीताचा काहींनी नेमका उलटा, वंशवादी अर्थ लावला. ३० एप्रिल १९७८ रोजी व्हिक्टोरिया पार्कमधील ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’च्या मेळाव्यात हजारो श्रोत्यांसमोर वाद्यवृंदाने आपली बाजू निःसंदिग्ध केली.

परंतु मूळ पेच निराळाच होता. जानेवारी १९७७ मध्ये वाद्यवृंदाने सीबीएस या बलाढ्य कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला होता. पंक चळवळीतील अनेकांना हा सरळसरळ विश्वासघात वाटला. कंपनीनेही त्याच वर्षी वाद्यवृंदाची संमती न घेता एक गीत स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून बाजारात आणले. भांडवली व्यवस्थेवर टीका करणारा कलावंत त्याच व्यवस्थेच्या दुकानात विकला जात होता, हे नाकारता येत नाही.

या पेचातून स्ट्रमर व त्याचे सहकारी सुटले नाहीत. त्यांनी त्याची किंमत मोजली, एवढेच म्हणता येईल. १९७९ च्या डिसेंबरमध्ये ‘लंडन कॉलिंग’ हा दोन ध्वनिमुद्रिकांचा संच एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दरात विकला गेला. पुढच्या वर्षी निकाराग्वातील क्रांतिकारकांचे नाव धारण करणारा ‘सँडिनिस्टा!’ हा तीन ध्वनिमुद्रिकांचा, ३६ गीतांचा संच आला. तो स्वस्तात मिळावा म्हणून ब्रिटनमधील पहिल्या २ लाख प्रतींवरील रॉयल्टीवर वाद्यवृंदाने पाणी सोडले. संच काहीसा पसरट झाला आहे हे खरे. पण घोषणा देणे आणि स्वतःच्या उत्पन्नाला कात्री लावणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

१९८३ मध्ये सहसंस्थापक मिक जोन्स याला काढून टाकण्यात आले. हा निर्णय चुकला, हे स्ट्रमरने पुढे मान्य केले. डिसेंबर १९८४ मध्ये उरलेल्या वाद्यवृंदाने संपकरी खाणकामगारांच्या मदतीसाठी ब्रिक्स्टन येथे कार्यक्रम केले. १९८६ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला.

२००२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील अग्निशामक दलाचे जवान वार्षिक ३० हजार पौंड वेतनाच्या मागणीसाठी संपावर गेले. १५ नोव्हेंबर रोजी स्ट्रमरने आपल्या नव्या ‘मेस्कालेरोज’ या वाद्यवृंदासह लंडनमधील ॲक्टन टाउन हॉल येथे त्यांच्या संघटनेसाठी कार्यक्रम केला. श्रोत्यांत बसलेला मिक जोन्स कार्यक्रमाच्या अखेरीस मंचावर आला आणि जवळपास दोन दशकांनंतर दोघे एकत्र वाजवू लागले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबर रोजी, हृदयातील जन्मजात व तोवर लक्षात न आलेल्या दोषामुळे वयाच्या ५० व्या वर्षी सॉमरसेटमधील राहत्या घरी स्ट्रमरचे निधन झाले. संपकऱ्यांचा वेतनप्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.