शेत कुणाचं, हंडा कुणाचा?

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की घोड नदीच्या काठी कळंब लागतं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव जुन्नरच्या शेजारचं. नाणेघाटातून कोकणात उतरणारी सातवाहनकाळची व्यापारी वाट जुन्नरवरून जायची. मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा शिलालेख आहे, वर्ष ४६ चा. त्यानंतर तेरा-चौदा शतकांनी याच जुन्नरात मलिक अहमदनं बहामनी सत्ता झुगारून १४९० मध्ये निजामशाही उभी केली. अशा मुलखात नांगराला एखादं जुनं नाणं लागलं तर नवल नाही.

पूर्वी हे सापडणं योगायोगाचं असे. आता मेटल डिटेक्टर घरपोच मिळतो. कुणी तो घेऊन बांधावर येतो आणि शेतकऱ्याला विचारतो, 'तुमच्या वावरात जरा फिरू का? काही निघालं तर अर्धं-अर्धं.' शेतकरी बहुतेक वेळा हो म्हणतो. पण हा होकार द्यायचा अधिकार नेमका कुणाचा, हा प्रश्न बराच जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधी सापडल्याची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा आहे, तो चाकर असेल तर बारावा. एक लाखाच्या वरचा निधी राजाचा. या हिशेबात शेतमालक कुठेच नाही.

इस्लामी परंपरेत तो आहे, आणि ठळकपणे आहे. सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. एका माणसानं जमीन विकत घेतली आणि तिच्यात सोन्यानं भरलेलं मडकं निघालं. तो विकणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मी जमीन घेतली होती, सोनं नव्हे; हे तुझं. विकणारा म्हणाला, मी जमीन पोटातल्या सगळ्यासकट विकली; हे तुझंच. दोघंही घ्यायला तयार होईनात. शेवटी ज्याच्याकडे न्याय मागायला गेले, त्यानं एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लावायला सांगितलं आणि त्या सोन्यातून त्यांच्यावर खर्च करून दानही करायला सांगितलं. बांधावरून डोकी फोडून घेणाऱ्या आपल्या गावांत ही गोष्ट सांगितली तर लोक हसतील.

फिक्हकारांनी मात्र ती हसण्यावारी नेली नाही. गाडलेल्या जुन्या धनाला त्यांनी 'रिकाज' म्हटलं आणि हदीसप्रमाणे त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे खुम्स, बैतुलमालचा ठरवला. वाद उरला तो बाकीच्या चार हिश्श्यांचा. 'हिदाया' या हनफी ग्रंथात दोन मतं दिली आहेत. इमाम अबू युसूफ म्हणतात, ते सापडणाऱ्याचे. इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद म्हणतात, मुलूख पहिल्यांदा इस्लामी अमलाखाली आला तेव्हा ज्याला ती जमीन नेमून दिली गेली, त्याचे. म्हणजे आज जमीन ज्याच्या नावावर आहे, त्याचेही नव्हेत. जमीन विकली म्हणून तिच्या पोटातला ठेवा आपोआप विकला जात नाही, हा त्यामागचा तर्क. आणखी एक बारकावा आहे. नाण्यावर इस्लामी ठसा असेल तर तो रिकाज नव्हे. ती हरवलेली वस्तू, 'लुकता', आणि आधी तिच्या मालकाचा शोध घ्यायचा. या नियमानं पाहिलं तर जुन्नरच्या मातीतलं नहपानाचं नाणं आणि निजामशाही नाणं यांचे हिशेब वेगवेगळे होतात.

आज आपल्याला लागू आहे तो इंग्रजांनी १८७८ मध्ये केलेला निखात निधीचा कायदा. जमिनीत किंवा तिला जडलेल्या कशातही दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. मग जाहीर नोटीस निघते, दावेदार बोलावले जातात. गेल्या शंभर वर्षांत ती कुणी पुरल्याचं सिद्ध झालं नाही तर निधी बेवारस ठरतो. वाटणी मालक आणि सापडणारा यांच्यात जो करार असेल त्याप्रमाणे. करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, मालकाला एक चतुर्थांश. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला साथ देणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद. थोडक्यात, बांधावरचं 'अर्धं-अर्धं' कायद्याला चालतं, पण जिल्हाधिकाऱ्याला कळवल्यानंतर. गुपचूप वाटून घेतलं तर तोच करार दोघांवरचा पुरावा होतो.

आणि मालक म्हणजे कोण? सातबारा उघडून पाहा. त्यावर तीन भाऊ, दोन बहिणी, क्वचित एखाद्या कुळाचं नाव. डिटेक्टरवाला विचारतो तो वावरात उभ्या असलेल्या थोरल्या भावाला. ज्या बहिणीनं हक्कसोड केलेली नाही तिचा शरियतनंही हिस्सा आहे आणि कायद्यानंही. पण तिला विचारायला सासरी कोण जातं? वक्फच्या जमिनीचं तर आणखी अवघड. मुतवल्ली हा व्यवस्थापक असतो, मालक नव्हे. दर्ग्याच्या इनामी रानात किंवा कब्रस्तानाच्या कडेला यंत्र फिरवायला त्यानं तोंडी हो म्हणणं म्हणजे जे आपलं नाही ते देऊन टाकणं.

बरं, सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या तरी एक गोष्ट त्या सह्यांत मावत नाही. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमावर जोगलटेंभी आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,२५०, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातकर्णीनं नहपानाचं राज्य घेतलं याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. हा साठा एकत्र अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून ते प्रमाण कळलं. नाणी सराफांकडे वाटली गेली असती तर चांदी तेवढी उरली असती.

दायमाबादला उलटं घडलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा, रेडा. त्या माणसाचा यात काही दोष नाही. पण मूर्ती कोणत्या थरात होत्या हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढे पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं, तरी मूर्तींच्या काळाबद्दलचा वाद पुरता मिटला नाही. डिटेक्टरवाला हेच करतो, फक्त जाणूनबुजून. यंत्र वाजलं की तो थेट तिथेच खड्डा घेतो, आणि भोवतालची माती, खापरं, राख बाजूला फेकतो. पुरातत्त्वीय उत्खननाला परवानगी देताना राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, ते याचसाठी.

मग लोक कळवत का नाहीत? पोलिसांची भीती आहेच, पण कायद्यातही खोट आहे. निधी सरकारनं घ्यायचा ठरवला तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. निजामशाहीच्या तांब्याच्या नाण्याला या हिशेबानं भंगाराचा भाव मिळतो. इंग्लंडमध्ये २००९ साली स्टॅफर्डशायरच्या एका शेतात, शेतकऱ्याची परवानगी घेऊन फिरणाऱ्या माणसाला सातव्या शतकाच्या सुमाराचं सोनं सापडलं. त्यानं कळवलं, मोबदला ऐतिहासिक मोलानं ठरला, सुमारे ३२ लाख ८५ हजार पौंड, आणि शोधणारा व शेतकरी यांच्यात निम्मा निम्मा वाटला गेला. आपला कायदा त्या शेतकऱ्याला तोळ्याचा भाव देऊन घरी पाठवतो, आणि मग बाजारातला दलाल त्याहून चार पैसे जास्त देतो.

तोवर कळंबच्या बांधावर कुणी यंत्र घेऊन आलाच, तर आधी सातबाऱ्यावरची सगळी नावं वाचावीत, बहिणींची तर नक्की. कागदावर लिहून घ्यावं की यंत्र वाजलं तर खणणार नाही, जागेवर खूण करून तहसीलदाराला कळवीन. या अटीवर सही करायला तो तयार नसेल, तर तो कशासाठी आलाय ते तुम्हाला कळलंच.